आंखूड बोटें आणि आईवरचा आळ

मनुष्याच्या एका हातांत २७ हाडें असतात. मनगटांत ८, तळहातांत ५ आणि बोटांत १४. अंगठ्याला दोन पेरें आणि उरलेल्या चार बोटांना प्रत्येकीं तीन, असा हा चौदांचा हिशेब आहे. तो इतका पक्का आहे कीं, जपाची माळ हाताशीं नसली म्हणजे आपलीं वडील माणसें बोटांच्या पेरांवरच जप मोजीत आलीं. परंतु क्वचित् एखादें मूल असें जन्मास येतें कीं, त्याच्या हातांत हा हिशेब जुळत नाहीं. कोणाचें मधलें पेर अगदीं आंखूड असतें, किंवा टोकाच्या पेराशीं जुळून एकजीव झालेलें असतें. कोणाच्या करंगळीशेजारीं सहावें बोट असतें. कोणाला अंगठाच नसतो. श्रोतेहो, अशा हातांचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. हा इतिहास वैद्यकाचा तर आहेच. पण एका जुन्या आळाचाही आहे, आणि तो आळ बहुधा मुलाच्या आईवर आलेला आहे.

असें मूल घरांत आलें म्हणजे पहिला प्रश्न निघतो, “हें कशानें झालें?” आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, “हें कोणामुळें झालें?” आपल्याकडे याचें उत्तर पुष्कळ घरांत तयार असे, आणि अजूनही कित्येक घरांत तें ऐकूं येतें. ग्रहणाचे वेळीं गर्भार बाईनें विळीला हात लावूं नये, कांहीं चिरूं नये, शिवूं नये. नाहीं तर मुलाच्या अवयवाला खोट येते. मूल धडधाकट झालें तर ग्रहण पाळल्याचें श्रेय घरच्या वडीलधाऱ्यांना. हातांत कांहीं कमीजास्त निघालें तर सुनेनें काय चिरलें याची चौकशी! बिचारी आठवूं लागली म्हणजे नऊ महिन्यांत कांहीं तरी चिरल्याचें आठवल्यावांचून कसें राहील?

आपलेंच घर असें होतें असें मात्र समजावयाचें कारण नाहीं. फ्रान्समधील विख्यात शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे यानें १५७३ सालीं व्यंगयुक्त जन्मांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें अशा जन्मांचीं कारणें क्रमवार दिलीं आहेत. त्यांत ईश्वराचा कोप आहे, गर्भाशयाचा संकोच आहे, गर्भवतीचें अयोग्य बसणें आहे, आणि तिच्या मनांतील कल्पनाही आहे. गर्भवतीनें जें भयंकर पाहिलें किंवा मनांत आणलें त्याचा ठसा मुलाच्या अंगावर उमटतो, ही समजूत युरोपांत विद्वानांपासून अडाण्यांपर्यंत सर्वांची होती. लंडनमधील जेम्स ब्लॉन्डेल या वैद्यानें १७२७ सालीं तिच्याविरुद्ध एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. त्यावर मोठा वाद माजला. पण समजूत कांहीं गेली नाहीं. कारण नुसतें “असें नव्हे” म्हणून भागत नाहीं, “मग कसें?” याचें उत्तर द्यावें लागतें.

त्या उत्तराची पहिली पायरी बर्लिन शहरांत सांपडली. तेथील विज्ञान-परिषदेचा अध्यक्ष मोपेर्त्वी हा फ्रेंच गणिती होता. बर्लिनमध्यें याकोब रूहे नांवाचा एक शस्त्रवैद्य होता, त्याच्या दोन्ही हातांना व दोन्ही पायांना सहा सहा बोटें होतीं. मोपेर्त्वीनें त्याच्या घराण्याची चौकशी केली. याकोबला हीं बोटें आईकडून आलीं होतीं, आईला तिच्या आईकडून. आणि याकोबनें सामान्य हाताच्या स्त्रीशीं लग्न केलें असतांही त्याच्या सहा मुलांपैकीं दोघांना तीं आलीं. चार पिढ्यांची ही हकीकत हातीं येतांच मोपेर्त्वीनें गणित्याला साजेल असा प्रश्न विचारला: हा योगायोग असूं शकेल काय? वीस हजारांत एक माणूस सहा बोटांचा असतो असें त्यानें धरलें. मग अशा माणसाच्या पोटीं केवळ योगायोगानें तसेंच मूल होण्याचा संभव वीस हजारांत एक. नातवंडही तसेंच होण्याचा संभव चाळीस कोटींत एक. आणि तिसऱ्या पिढीस तो आठ लक्ष कोटींत एक! अर्थात् हा योगायोग नव्हे, ही वंशागत गोष्ट आहे, असा निर्णय त्यानें १७५२ सालीं प्रसिद्ध केला. या हिशेबांत आणखी एक मर्म आहे. रूहेच्या घराण्यांत तें लक्षण आईकडून मुलाकडे आलें, तसेंच पुढें बापाकडून मुलांकडे गेलें. विळी, स्वप्न, भीति यांचा संबंध बापाशीं कसा लावावयाचा?

परंतु वंशागत म्हणजे काय, कोणत्या मुलाला तें येतें व कोणाला चुकतें, हें मोपेर्त्वीला सांगतां आलें नाहीं. तें कोडें ब्रून शहरच्या मठांतील ग्रेगोर मेंडेल या साधूनें वाटाण्याच्या रोपांवर सोडविलें. १८६५ सालीं त्यानें आपला निबंध वाचला, १८६६ सालीं तो छापला गेला, आणि पुढें चौतीस वर्षें त्याची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. मेंडेल १८८४ सालीं वारला. १९०० सालीं युरोपांतील तीन शास्त्रज्ञ स्वतंत्रपणें त्याच नियमापाशीं पोंचले, तेव्हां जगाला मेंडेलचें नांव कळलें. आतां सर्वांपुढें एकच प्रश्न उभा राहिला: वाटाण्याला लागू असलेला हा नियम माणसाला लागू आहे काय? माणसाचे कांहीं वाटाण्यासारखे वाफे लावतां येत नाहींत. त्यासाठीं निसर्गानेंच मांडून ठेवलेला प्रयोग शोधणें भाग होतें.

तो प्रयोग अमेरिकेच्या पेन्सिल्व्हानिया प्रांतांतील एका कुटुंबांत सांपडला. विल्यम कर्टिस फॅराबी हा हार्वर्ड विद्यापीठांतील मानववंशशास्त्राचा विद्यार्थी. या कुटुंबांतील कित्येक माणसांचीं सर्व बोटें आंखूड होतीं. त्यांचें मधलें पेर वाढलेलेंच नव्हतें. त्यामुळें प्रत्येक बोट अंगठ्यासारखें दोनच पेरांचें दिसे. अंगानेंही हीं माणसें आपल्या भावंडांपेक्षां ठेंगणीं होतीं. फॅराबीनें पांच पिढ्यांची वंशावळ तयार केली आणि १९०५ सालीं ती प्रसिद्ध केली. ती पाहतां तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, आंखूड बोटांच्या माणसाच्या मुलांपैकीं सुमारें निम्मीं मुलें आंखूड बोटांचीं होतीं. दुसरी, मुलगा कीं मुलगी, आई कीं बाप, हा भेद तेथें नव्हता. तिसरी, ज्याचीं बोटें सामान्य निघालीं, त्याच्या पुढच्या वंशांत तें लक्षण पुन्हां उमटलें नाहीं.

हें गणित छाप-कांट्याचें आहे. प्रत्येक गुणासाठीं आपल्या शरीरांत बीजाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. अपत्य होतांना त्या दोहोंपैकीं कोणती तरी एकच पुढें जाते. आंखूड बोटांच्या माणसाजवळ एक प्रत बदललेली असते, दुसरी सामान्य. बदललेली प्रत जिच्या वाट्याला आली तिचीं बोटें आंखूड. न आली तर ती मुलगी त्या बाबतींत कोणत्याही परक्या घरच्या मुलीइतकीच निर्दोष. मनुष्याच्या ठायीं मेंडेलच्या प्रभावी लक्षणाचा हा पहिला निःसंशय दाखला होय. आपल्याकडे “त्या घराण्यांत खोट आहे” एवढ्या एका वाक्यावर धाकट्या बहिणींचीं लग्नें अडलेलीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. निदान या जातीच्या व्यंगापुरतें तरी, सरळ लांब बोटांच्या बहिणीला नाकारण्यास काडीचा आधार नाहीं, असें फॅराबीची वंशावळ सांगत होती.

याच सुमारास दुसरें एक साधन हातीं आलें होतें. राँटगेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले, आणि त्याचें अत्यंत गाजलेलें पहिलें चित्र त्याच्या पत्नीच्या हाताचेंच होतें. बोटांतील अंगठीसकट त्यांत हाडें दिसत होतीं. वेल्समधील रेक्सम गांवचे डॉक्टर हॅरी ड्रिंकवॉटर यांनीं अशाच एका आंखूड बोटांच्या कुटुंबाचीं क्ष-किरण चित्रें घेऊन १९०८ सालीं आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. मांसाखालीं मधलें पेर कोठें अगदीं थोटकें आहे, कोठें शेजारच्या पेरांत मिसळून गेलें आहे, हें आतां कल्पनेनें सांगण्याची गरज राहिली नाहीं.

१९०८ सालचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. केंब्रिजचे पनेट यांनीं त्या वर्षीं लंडनमध्यें डॉक्टरांपुढें मेंडेलच्या नियमावर व्याख्यान दिलें. चर्चेंत संख्याशास्त्रज्ञ यूल यांनीं शंका काढली: आंखूड बोटें हें जर प्रभावी लक्षण असेल, तर काळेंकरून चार माणसांपैकीं तिघांचीं बोटें आंखूड व्हावयास नकोत काय? पनेट यांना उत्तर सुचेना. परतल्यावर त्यांनीं ती शंका आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या एका गणितज्ञ मित्रापुढें ठेवली. तो मित्र म्हणजे जी. एच. हार्डी, पुढें १९१३ सालीं मद्रासहून रामानुजन यांनीं ज्यांना तें प्रसिद्ध पत्र लिहिलें तेच हे हार्डी. हार्डींनीं चार ओळींच्या गणितानें शंका निकालांत काढली. दहा हजार सामान्य माणसांमागें एक माणूस दोन्ही बदललेल्या प्रतींचा आहे असें समजा. पहिल्या एका पिढींत आंखूड बोटांचें प्रमाण दुप्पट, म्हणजे दहा हजारांत दोन होईल. पण त्यापुढें, बाहेरचें कांहीं कारण न घडल्यास, तें पिढ्यान् पिढ्या तेवढेंच राहील. स्टुटगार्टचे डॉक्टर व्हाइनबेर्ग हेही त्याच वर्षीं स्वतंत्रपणें त्याच सिद्धांताला पोंचले होते. आपल्या गणिताचा जगाला व्यवहारांत कांहीं उपयोग नाहीं, असें हार्डी पुढें १९४० सालीं अभिमानानें लिहून गेले. पण आनुवंशशास्त्राचा विद्यार्थी आज पहिल्या वर्षीं शिकतो तो त्यांच्याच नांवाचा नियम, आणि त्याचा जन्म आंखूड बोटांच्या शंकेंतून झाला आहे.

येथवरची हकीकत आईला दोषमुक्त करणारी आहे. दुर्दैवानें तिच्या कपाळावरचा डाग पुसला जात असतांनाच तो दुसऱ्याच्या कपाळीं लागूं लागला. “व्यंग रक्तांत आहे ना? मग तें रक्तच पुढें जाऊं देऊं नका,” असें म्हणणारा पंथ निघाला. १८८३ सालीं गॅल्टननें सुप्रजाशास्त्र हा शब्द प्रचारांत आणला होता. १९०७ सालीं अमेरिकेच्या इंडियाना संस्थानानें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा केला. जर्मनींत १४ जुलै १९३३ रोजीं असाच कायदा झाला, आणि त्यांतील रोगांच्या यादींत “तीव्र आनुवंशिक शारीरिक व्यंग” हेंही एक कलम होतें. १९४५ पर्यंत त्या कायद्याखालीं सुमारें ४ लाख माणसांना निर्बीज करण्यांत आलें. पूर्वीं आळ आईच्या वर्तनावर होता; आतां तो मुलाच्या अस्तित्वावरच आला. दोन्ही वेळां चूक एकच झाली. कारण शोधणें आणि आरोपी शोधणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें लोक विसरले. हाताचीं बोटें आंखूड असलेला माणूस नांगर धरतो, लेखणी धरतो, मूल कडेवर घेतो. तो जन्मावा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार वंशावळीच्या कागदाला कोणी दिला?

शिवाय प्रत्येक व्यंग वंशागत असतें ही समजूतही तितकीच खोटी. याचा पुरावा फार मोठी किंमत देऊन मिळाला. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध विक्रीस आलें. तें निर्धोक म्हणून गर्भवती स्त्रियांनाही देण्यांत येऊं लागलें. थोड्याच काळांत हातपाय अपुरे असलेलीं मुलें जन्मूं लागलीं. कोणाला अंगठा नव्हता, कोणाचा हात खांद्यापासूनच फुटल्यासारखा. हांबुर्गचे बालरोगतज्ज्ञ लेन्झ आणि ऑस्ट्रेलियांतील प्रसूतितज्ज्ञ मॅकब्राइड यांनीं १९६१ सालीं या औषधाकडे बोट दाखविलें, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जर्मनींत त्याची विक्री थांबली. तोंपर्यंत जगांत सुमारें दहा हजार मुलें बाधित झालीं होतीं असा अंदाज आहे. या घराण्यांत पूर्वीं असें कांहीं नव्हतें. दोष रक्तांत नव्हता, बाटलींत होता.

या आपत्तींतून काळाचा एक महत्त्वाचा धडा मिळाला. गर्भाच्या हाताचा अंकुर चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटें वेगळीं झालेलीं असतात. थॅलिडोमाइडचा घात गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंत घेतलेल्या गोळ्यांनीं झाला. म्हणजे हाताचें भवितव्य ज्या दिवसांत ठरतें, त्या दिवसांत पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहों याची खात्रीही झालेली नसते. सातव्या महिन्यांतील ग्रहणाला आणि त्या दिवशीं चिरलेल्या भोपळ्याला तेथें करण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें! खबरदारी घ्यावयाची ती विळीची नव्हे, न विचारतां घेतलेल्या औषधांची.

त्या मुलांकडे पाहूनच हाताच्या शस्त्रक्रियेनेंही मोठी झेप घेतली. अंगठा नसेल तर मूल चिमटींत कांहीं धरूं शकत नाहीं. हांबुर्गचे शस्त्रवैद्य बुक-ग्रामको यांनीं तर्जनीच आंखूड करून, फिरवून, स्नायूंसह अंगठ्याच्या जागीं बसविण्याची पद्धति परिपूर्ण केली आणि १९७१ सालीं ती प्रसिद्ध केली. बोटें चारच राहतात. पण तीं धरूं लागतात. लहानपणीं ही क्रिया झाली म्हणजे मूल तें बोट अंगठा म्हणूनच वापरावयास शिकतें. सगळ्याच व्यंगांना शस्त्रक्रिया लागते असें मात्र नाहीं. फॅराबीच्या कुटुंबांतल्यासारख्या आंखूड बोटांना बहुधा कांहींच करावें लागत नाहीं, आणि तें न करण्याचा सल्ला देणें हेंही डॉक्टरांचें कामच आहे.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. असें मूल लांब बाहीच्या सदऱ्यांत झांकून ठेवण्याची आपल्या घरांत जी रीत आहे, ती केवळ दुःखदायक नाहीं, धोक्याचीही आहे. हात आणि हृदय गर्भांत जवळजवळ एकाच सुमारास घडतात. लंडनमध्यें होल्ट आणि ओरम यांनीं १९६० सालीं एका कुटुंबाचें वर्णन केलें. त्यांत अंगठ्याच्या व्यंगाबरोबर हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचें पिढ्यान् पिढ्या आढळलें. स्वित्झर्लंडचे फॅन्कोनी यांनीं १९२७ सालीं वर्णिलेल्या रक्तक्षयांत मुलाचा अंगठा किंवा त्यामागील हाड पुष्कळदां अपुरें असतें, आणि रक्ताचा रोग कांहीं वर्षांनीं प्रकट होतो. म्हणून अंगठ्याकडचें व्यंग दिसल्यास डॉक्टर हृदय व रक्तही तपासतात. हात झांकला म्हणजे ही पूर्वसूचनाही झांकली जाते.

आतां फॅराबीच्या कुटुंबाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मधलें पेर आंखूड करणारें बीज कोणतें, याचा शोध २००१ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं तेथील घराण्यांचा अभ्यास करून लावला. त्या जनुकाचें नांव ऐकून आपल्याला मौज वाटेल: “इंडियन हेजहॉग”. हेजहॉग म्हणजे अंगावर काटे असलेला, भ्यालें कीं गोळा होऊन बसणारा एक लहान प्राणी. फळमाशीच्या एका जनुकांत बिघाड झाला कीं तिची अळी काटेरी दिसते, म्हणून त्या जनुकाला हें नांव पडलें. आणि माणसांत त्याचे जे भाऊबंद सांपडले, त्यांतील एकाला या प्राण्याच्या हिंदी जातीचें नांव मिळालें. हाडें प्रथम कूर्चेचीं असतात. त्या कूर्चेच्या पेशींना वाढत राहण्याची आज्ञा हें जनुक देतें. आज्ञा क्षीण झाली तर वाढ लवकर आटोपते, आणि मधलें पेर थोटकें राहतें. पुढें २००२ सालीं ड्रिंकवॉटर यांच्या कुटुंबाच्या वंशजांत आणि २००५ सालीं खुद्द फॅराबीच्या कुटुंबाच्या वंशजांत याच जनुकांतील बदल आढळला. वंशावळ छापल्यापासून बरोबर शंभर वर्षांनीं तिच्या मुळाशीं असलेलें एक अक्षर सांपडलें.

एक अक्षर! जनुक म्हणजे एक लांबलचक लेख, आणि तो प्रत्येक पिढीस नव्यानें नकलून काढावा लागतो. जुन्या पोथ्या उतरून घेतांना लेखनिकाच्या हातून एखादें अक्षर बदलतें, आणि त्या पोथीवरून पुढें जितक्या प्रती होतील तितक्यांत तो पाठभेद उतरतो. त्यांत लेखनिकाचें पाप नसतें आणि पोथीचाही अपराध नसतो. बर्लिनपासून पेन्सिल्व्हानियापर्यंत ज्यांनीं धीरानें बोटें मोजलीं, पिढ्या लिहून ठेवल्या, त्यांनीं आपल्याला दिलेलें ज्ञान एवढेंच आहे. पण तें थोडें नव्हे. उद्या आपल्या किंवा शेजारच्या घरीं असें मूल जन्मलें, तर बाळंतिणीच्या खोलींत चौकशी बसवूं नका. मूल डॉक्टरांना दाखवा, त्याच्या हाताला जें करतां येतें तें करूं द्या, आणि बारशाला आलेल्या पाहुण्यांपुढें त्याचा हात दुपट्याखालीं लपवूं नका.